सायकल सोडू नका, चढायची-उतरायची पद्धत बदला



दिवाळीनंतरच्या मासिक बैठकीला मी शिरोळ तालुक्यातल्या एका गटात गेले होते. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते झाले, आणि शेवटी गटाच्या सचिव काकूंनी वहीत घडी घालून ठेवलेला कागद माझ्यापुढं सरकवला. राजीनामा होता. मी विचारलं, "काय झालं काकू? कुणी काही बोललं का?" तर म्हणाल्या, "कोण काय बोलतंय? गुडघं धरल्यात. बँकेचं गाव तीन किलोमीटर. सायकल चालवाय काय न्हाई गं पोरी, चढताना अन् उतरताना जीव जातोय. आता दुसऱ्या कुणाला तरी करा सचिव."

नऊ वर्षं या काकूंनी गटाचे हिशेब सांभाळले. सकाळी दूध संस्थेत दूध घालायचं, येताना दळण आणायचं, महिन्यातून दोनदा बँकेत जायचं, सगळं सायकलवर. घरात मोटारसायकल आहे, पण ती मुलाची. त्याला सवड असेल तेव्हा. म्हणजे सायकल सुटली की काकूंचं बाहेर पडणं दुसऱ्याच्या सवडीवर गेलं.

मी तेव्हा पटकन सल्ला दिला, "काकू, सीट खाली करून घ्या. पाय जमिनीला टेकले की चढ-उतार सोपी होईल." त्यांनी दुसऱ्या दिवशी सीट पार खाली करून घेतली. पंधरा दिवसांनी फोन केला तर म्हणाल्या, "चढाय बरं वाटतंय, पर आता चालवताना बी दुखाय लागलंय." माझा सल्ला चुकला होता. तो का चुकला हे मला नंतर एका आरोग्य शिबिरात फिजिओथेरपिस्ट ताईंनी समजावून सांगितलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी हाच उपाय केला असणार, म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे. आपल्या दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहेच, आणि गुडघ्याइतका बायकांच्या रोजच्या कामात येणारा दुसरा सांधा नाही.

गुडघा नक्की कशानं दुखतो?

आपला गुडघा दिवसभर काय करतो बघा. भांगलणीला उकिडवं बसायचं, धार काढायला उकिडवं, चुलीपुढं, धुण्याच्या दगडापुढं, रोपलावणीला वाकून. गुडघा जितका जास्त दुमडतो आणि त्या दुमडलेल्या अवस्थेत जितका जोर लावावा लागतो, तितका वाटीमागच्या भागावर दाब वाढतो. वय वाढलं, पाळी थांबली, वजन वाढलं, की सांध्यातली गादीसारखी कूर्चा झिजायला लागते. याला डॉक्टर सांधेझीज म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ साली जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना हा त्रास होता, त्यात ६० टक्के बायका होत्या, आणि सगळ्यात जास्त दुखणारा सांधा गुडघाच. म्हणजे हे तुमच्या एकटीचं दुखणं नाही आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता सायकलची गंमत ऐका. चालताना गुडघ्यावर आपल्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, जिना उतरताना त्याहून जास्त. सायकल चालवताना आपण सीटवर बसलेलो असतो, त्यामुळं सपाट रस्त्यावर हा भार बराच कमी असतो. म्हणून तर गुडघेदुखीच्या बायकांना डॉक्टर पुष्कळदा सायकल चालवायला सांगतात. म्हणजे अडचण चालवण्यात कमी, चढण्या-उतरण्यात जास्त. काकूंनी हेच सांगितलं होतं, मीच नीट ऐकलं नव्हतं.

सीट खाली केली तर काय बिघडतं?

सीट खाली असली की पायडल वर येताना गुडघा छातीकडं येईल इतका दुमडतो, आणि त्याच जागी आपण जोर लावतो. एका किलोमीटरमध्ये असं शेकडो वेळा होतं. म्हणजे सायकलवर बसून उकिडवं बसल्यासारखंच झालं. चढताना एकदा वाचवलेला त्रास आपण वाटभर भोगतो.

सीट किती उंच पाहिजे ते घरीच बघता येतं. सायकल भिंतीला लावा, कुणाला तरी हँडल धरायला सांगा आणि सीटवर बसा. एक पायडल एकदम खाली न्या. त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग टाचेऐवजी पंजा ठेवला की गुडघ्याला थोडासा बाक राहतो. एवढाच बाक पाहिजे. वाटीच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट बहुतेक खाली आहे. गुडघ्यामागची शीर ओढली जात असेल तर सीट जास्त वर आहे. एका वेळी बोटभरच बदल करा आणि चार दिवस चालवून बघा. सीटचा दांडा फ्रेममध्ये निदान चार बोटं आत राहिला पाहिजे, आणि नट पान्यानं घट्ट आवळलेला पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, "अगं, सीट एवढी वर केली तर पाय कसे टेकणार?" टेकणार नाहीत. टेकायची गरजही नाही. आपली खरी चूक इथंच होते. आपण सीटवर बसूनच पाय टेकायला बघतो. चढताना सीटवर शेवटी बसायचं आणि उतरताना सीट आधी सोडायची. पाय टेकायचे ते सीटच्या पुढं उभं राहून. एवढं जमलं की सीट कितीही उंच असली तरी भीती नाही.

जोर लागेल तिथं चांगला पाय

बहुतेक जणींचा एक गुडघा जास्त दुखतो, एक कमी. कमी दुखणाऱ्याला आपण चांगला पाय म्हणू. नियम एकच लक्षात ठेवा. निघताना चांगला पाय पायडलवर, कारण शरीर उचलायचा जोर तिथं लागतो. थांबताना चांगला पाय जमिनीवर, कारण अंगाचा आणि सायकलचा भार त्याच्यावर येतो.

चढायचं कसं?

ही पद्धत लेडीज सायकलसाठी, म्हणजे जिची मधली दांडी खाली वाकलेली असते.

१. जागा सपाट आणि घट्ट निवडा. ऊसाच्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पाडलेल्या रस्त्यात किंवा चिखलात चढायला जाऊ नका. दहा पावलं ढकलत न्या.

२. सायकलच्या बाजूला उभ्या राहा आणि दोन्ही ब्रेक दाबून धरा. सायकल स्वतःकडं थोडी कलती करा. कलती केली की मधली खोबण खाली येते आणि पाय कमी उचलावा लागतो.

३. पलीकडचा पाय खोबणीतून पलीकडं टाका. मागून सीटवरून टांग टाकू नका. कुठल्या बाजूनं उभं राहिलं की कमी दुखतं, ते आधी अंगणात दोन्ही बाजूंनी करून बघा. डावीकडूनच चढलं पाहिजे असा काही कायदा नाही.

४. आता सायकल दोन पायांच्या मध्ये, तुम्ही सीटच्या पुढं, दोन्ही पाय जमिनीवर. अजून बसायचं नाही. पदर कमरेला खोचलाय का, निऱ्या वर आहेत का, ते इथंच बघून घ्या.

५. चांगल्या पायाच्या पंजानं त्या बाजूचं पायडल खालून उचलून उलटं फिरवा आणि वर, जरा पुढच्या बाजूला आणून ठेवा. गुडघा तेवढा दुमडत नसेल तर पायडल अजून थोडं पुढं खाली, जमिनीला समांतर रेषेत ठेवा. जोर थोडा कमी मिळेल, पण गुडघा वाचेल.

६. मागून-पुढून गाडी येत नाही ना, बघा. ब्रेक सोडा आणि चांगल्या पायानं पायडल दाबत उभ्या राहा. सायकल पुढं सरकते, अंग वर उचललं जातं, आणि सीट आपोआप मागं येते. तेव्हा बसा. दुसरा पाय सावकाश आपलं पायडल शोधून घेतो. त्याची घाई नको.

पुष्कळ जणी लहानपणापासून एक पाय पायडलवर ठेवून, दुसऱ्या पायानं सायकल ढकलत ढकलत, मग वर चढतात. गुडघे चांगले असतील तर ठीक आहे. पण त्यात सगळं अंग एका गुडघ्यावर तोललं जातं आणि वर तो गुडघा पिळवटतो. दुखऱ्या गुडघ्याला दुमडण्यापेक्षाही पीळ वाईट.

उतरायचं कसं?

पडझड चढताना कमी, उतरताना जास्त होते. म्हणून हे आधी वाचा, मग करा.

१. थांबायचं ठिकाण वीस पावलांवर आलं की पायडल मारायचं थांबवा. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा. फक्त पुढचा ब्रेक एकदम दाबू नका.

२. दुखऱ्या पायाच्या बाजूचं पायडल एकदम खाली आणा. तो पाय आता जवळजवळ सरळ आहे. सरळ पायावर क्षणभर उभं राहणं दुमडलेल्या पायापेक्षा सोपं असतं.

३. हातांचा आधार घेत त्या पायडलवर उभ्या राहा आणि सीटवरून पुढं सरका.

४. सायकल थांबत असताना चांगल्या पायाच्या बाजूला अगदी थोडी कलू द्या आणि तो पाय जमिनीवर ठेवा. सायकल पूर्ण थांबू द्या. मग दुसरा पाय खाली.

५. ब्रेक दाबून ठेवा, सायकल कलती करा आणि पाय खोबणीतून बाहेर काढा. पाय अडकला तर ओढाताण करू नका, सायकल अजून कलती करा.

चालत्या सायकलवरून उडी मारून उतरायची सवय असेल तर ती आजच सोडा. उडीचा सगळा दणका गुडघ्यावर बसतो.

एक गोष्ट जपायची. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं जातो. चांगला पाय उजवा असेल तर थांबताना आपण रस्त्याच्या मध्याकडं कलतो. मागून ट्रॅक्टर येत असेल तर हे धोक्याचं. म्हणून अशा ताईंनी रस्ता सोडून पूर्ण कडेला, मोकळ्या जागेत थांबावं.

दोन्ही गुडघे दुखत असतील तर?

तर कट्टा वापरा. दोन विटा एकावर एक ठेवल्यावर होते तेवढी, म्हणजे साधारण सहा इंच उंची पुरते. फरशीची पायरी, देवळाचा खालचा टप्पा, काहीही चालेल. सायकल कट्ट्याला लागून उभी करा, कट्ट्यावर उभ्या राहून पाय पलीकडं टाका. सीटवर बसूनसुद्धा एक पाय कट्ट्यावर टेकतो, मग तिथूनच निघता येतं. उतरतानाही कट्ट्यालगत येऊन थांबा. पाय खाली न्यावा लागत नाही, आधी कट्ट्यावर येतो. सुट्या विटा मात्र ठेवू नका, त्या हलतात. कट्टा सिमेंटमध्ये बसवलेलाच पाहिजे.

घरात दांडीची, म्हणजे पुरुषांची सायकल असेल तर दुखऱ्या गुडघ्यासाठी ती अवघडच. कट्ट्याशिवाय तिच्यावर चढायचा हट्ट करू नका. जमलं तर बदलून लेडीज सायकल घ्या. जुनी, चांगल्या अवस्थेतली सायकल गटाच्या अंतर्गत कर्जातून घेता येते. शेळीसाठी कर्ज मागताना आपण लाजत नाही, मग सायकलसाठी का लाजायचं?

ओझं, साडी आणि चप्पल

दुधाची किटली हँडलच्या एकाच बाजूला अडकवली की सायकल तिकडं ओढते आणि तोल सावरताना गुडघ्याला हिसका बसतो. वजन दोन्ही बाजूंना वाटा किंवा मागं कॅरिअरला खाली, दोन्हीकडं पिशव्या लावून न्या. वैरणीचा उंच भारा कॅरिअरवर असेल तर त्या दिवशी सायकल ढकलतच न्या. भरलेली सायकल कलली की तिचं सगळं वजन एका पायावर येतं.

साडी किंवा ड्रेसची ओढणी चेनमध्ये, मागच्या चाकात जाऊ नये म्हणून चेन कव्हर आणि चाकाला जाळी बसवून घ्या. उतरताना काठ सीटच्या टोकात अडकतो आणि आपण तोल जाऊन पडतो, हे पुष्कळ जणींच्या बाबतीत झालंय.

आपली कोल्हापुरी चप्पल कितीही प्रिय असली तरी सायकलवर नको. चामड्याचा गुळगुळीत तळ पायडलवरून घसरतो. मागं पट्टा असलेली रबरी तळाची चप्पल घाला. पायडलचं रबर झिजलं असेल तर तेही बदला.

रोज पाच मिनिटं

मांडीचा पुढचा स्नायू घट्ट असला की गुडघ्याचा भार तो उचलतो. खाटेवर पाय पसरून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. गुडघ्यानं ती खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, दोन्ही पायांनी, सकाळ-संध्याकाळ. दुसरा व्यायाम म्हणजे खुर्चीवरून हळू उठायचं, हळू बसायचं, सुरुवातीला हातांचा आधार घेऊन. पायडलवर उभं राहताना हाच स्नायू कामाला येतो. करताना दुखणं वाढलं तर थांबा आणि डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरकडं कधी जायचं?

गुडघा सुजून लाल-गरम झाला असेल, सोबत ताप असेल, चालताना गुडघा अचानक दगा देत असेल, मध्येच अडकून सरळ होत नसेल, पडल्यावर पायावर भार देता येत नसेल किंवा पोटरी सुजून दुखत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. गरज लागली तर कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे. ज्यांना चक्कर येते किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सायकलवर बसू नये. आणि मेडिकलमधून आपल्या मनानं दुखण्याच्या गोळ्या आणून रोज खाऊ नका. त्या मूत्रपिंडाला आणि पोटाला त्रास देतात.

गटानं काय करायचं?

पुढच्या बैठकीनंतर अर्धा तास काढा. गावातल्या सायकलवाल्या दादांना पाना घेऊन बोलवा. प्रत्येकीची सीट तपासा, ब्रेक तपासा, आणि दोघी-दोघींच्या जोड्या करून चढ-उताराचा सराव करा. एक चढेल, दुसरी हँडल धरेल. पहिले दोन-तीन दिवस एकटीनं सराव करू नका.

दुसरं, दूध संस्थेपुढं आणि बँकेपुढं एक छोटा पक्का कट्टा असावा, अशी मागणी ग्रामपंचायतीकडं करा. महिला ग्रामसभेत हा विषय मांडा. खर्च थोडा आहे, आणि तो कट्टा म्हाताऱ्या माणसांना, गरोदर बायकांनाही उपयोगी पडेल.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो खेड्यातल्या बायका सायकल शिकल्या. तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी त्याला पाठबळ दिलं. लोक हसले, टोमणे मारले, पण बायका थांबल्या नाहीत, कारण बाजाराला, पाण्याला, कामाला कुणाची वाट न बघता जाता यायला लागलं. आपल्याकडं सायकल शिकायची लढाई तुमच्यापैकी कित्येकींनी तरुणपणीच जिंकली आहे. ती गुडघ्यापायी हरायची नाही.

सचिव काकूंचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. मी त्यांच्या अंगणात जाऊन आधी माझी चूक कबूल केली. म्हणाल्या, "हुतंय गं, शिकलेल्यांचं बी चुकतंय." मग सीट वर करून घेतली, आणि गोठ्याच्या पायरीपाशी चार दिवस सराव केला. पहिल्या दिवशी त्या सारख्या सीटवर बसायला बघायच्या आणि त्यांची सून ओरडायची, "अत्ती, आदी उभं ऱ्हावा, मग बसा!" आता त्यांचा गुडघा पूर्ण बरा झालाय असं नाही. जास्त दुखेल त्या दिवशी त्या एसटीनं जातात. पण दूध घालायला रोज सायकल काढतात, आणि राजीनाम्याचा कागद मागच्या बैठकीत त्यांनी स्वतःच फाडला.

तुमच्या गटात कुणी अशीच गुपचूप सायकल कोपऱ्यात लावून ठेवली असेल तर तिला हा लेख वाचून दाखवा. आणि सरावाला मला बोलवा, मी येते.

आपली,
क्षेत्र समन्वयक